छोट्या ट्रॅक्टरने ओंडके मिलवर चढवताना

लाकूड कापायची मिल घरी आणली तेव्हा माझं सगळं लक्ष ब्लेडवर होतं. ब्लेड किती रुंद, दात कसे, ताण किती द्यायचा, पाणी किती सोडायचं, हेच दिवसभर डोक्यात. ओंडका बेडवर, म्हणजे मिलच्या ज्या सांगाड्यावर ठेवून तो कापतात त्यावर, कसा जाणार याचा विचार मी एवढाच केला होता की आपल्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याला पुढे लोडर, म्हणजे वजन उचलणारे हायड्रॉलिक हात आहेत, उचलू आणि ठेवू. आता दोन वर्षं झाली हे काम करून आणि दिवसाचा हिशेब मांडला तर प्रत्यक्ष करवत चालते तो वेळ निम्मासुद्धा नसतो, बाकी सगळा वेळ ओंडका आणा, फिरवा, चढवा, सरळ करा यात जातो. आणि आत्तापर्यंत जे काही छातीत धडकी भरवणारं घडलं ते सगळं चढवतानाच घडलं, ब्लेड फिरत असताना एकदाही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, नवीन मिल घेणाऱ्याने ब्लेडच्या आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो म्हणजे आकडे समजतील. ट्रॅक्टर २५ एचपीचा, चारही चाकांना ड्राइव्ह असलेला. पुढच्या लोडरच्या पुस्तिकेत उचलायची क्षमता ४५० किलो लिहिलीये. मिल म्हणजे हाताने ढकलायची बँडसॉ (पट्ट्यासारखं ब्लेड असलेली करवत), बेड जमिनीपासून ३५ सेंटीमीटर उंच, ६५ सेंटीमीटर जाडीपर्यंतचा आणि साडेतीन मीटर लांबीपर्यंतचा ओंडका घेते. लाकूड बहुतेक निलगिरीचं, वादळात पडलेली झाडं होती, आणि दोनतीन शिरीषाचे जाडजूड बुंधे.

पहिला ओंडका आम्ही साखळीने उचलला. मी आणि धाकटा भाऊ. बकेटच्या मधल्या हुकाला साखळी, ओंडक्याच्या अंदाजे मध्यावर एक फेरा, आणि उचल. उचलला गेला छान. पण लटकवलेला ओंडका म्हणजे झोपाळा असतो हे तेव्हा कळलं, ट्रॅक्टर जरा खड्ड्यातून गेला की ओंडका झुलायला लागतो, ब्रेक मारला की पुढे जातो आणि मग परत मागे येतो, वर एका साखळीवर असल्याने गोल पण फिरतो. भाऊ एक टोक हाताने धरून सोबत चालत होता, म्हणजे ट्रॅक्टर आणि मिल यांच्या मध्ये, आज ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. मिलपाशी पोहोचल्यावर मी क्लच जरा पटकन सोडला, ओंडका झुलला आणि बेडच्या पलीकडच्या, ओंडका अडवायच्या उभ्या खुंटांवर जाऊन आपटला. नशिबाने भाऊ तेव्हा टोकाच्या बाहेरच्या बाजूला होता. एक खुंट वाकला, तो दिसला म्हणून आम्ही तो ठोकून सरळ केला आणि फळ्या पाडायला लागलो. फळ्या एका टोकाला २५ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला २८. ब्लेडचा ताण बघितला, गाइड रोलर बघितले, ब्लेड बदललं, काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी करवत ज्यावरून सरकते त्या रुळांना दोरी ताणून बघितली आणि लेव्हल ट्यूब लावली तेव्हा समजलं की त्या एका धक्क्याने मिलची अख्खी एक बाजू पायांवरून चारपाच सेंटीमीटर सरकली होती आणि त्या ठिकाणी रूळ खाली बसला होता. मिलचा सांगाडा वरून येणारं वजन आरामात घेतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. हे वाक्य मी नंतर मिलच्या शेडमध्ये खडूने लिहून ठेवलं.

मग वजनाकडे वळलो, कारण आपण काय उचलतोय हेच मला माहीत नव्हतं. हिशेब सोपा आहे. ओंडक्याच्या मध्यावरची जाडी मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याला ०.७८५ ने गुणायचं आणि मग लांबीने गुणायचं, घनमीटर मिळतात. ताज्या तोडलेल्या ओल्या लाकडाचं वजन ढोबळमानाने पाण्याएवढंच धरायचं, म्हणजे घनमीटरला १००० किलो. काही जाती हलक्या असतात, काही त्याहून जड पण निघतात, पण उचलायच्या कामाला एवढं धरलं की चालतं. आता बघा, ४० सेंटीमीटर जाडीचा अडीच मीटरचा ओंडका होतो साधारण ३१५ किलोचा. ५० सेंटीमीटरचा तीन मीटरचा ओंडका जवळपास ५९०. आणि ६० चा तीन मीटरचा ८५० च्या आसपास. जाडी डोळ्याला थोडीच वाढलेली दिसते पण वजन वर्गाने वाढतं, जाडी दुप्पट तर वजन चौपट. माझी फसगत इथेच व्हायची, शेजारीशेजारी पडलेले दोन ओंडके, एक ४० चा आणि एक ५० चा, बघताना वाटायचं काय असा फरक असणार. आता खिशात टेप असतो आणि प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर खडूने किलो लिहिल्याशिवाय मी ट्रॅक्टर चालूच करत नाही.

दुसरी बाजू लोडरची. पुस्तिकेतले ४५० किलो हे बकेट ज्या पिनांवर बसते त्या पिनांपाशी मोजलेले आहेत, आणि मी तिथे बकेट काढून फोर्क, म्हणजे पुढे आलेले दोन लोखंडी काटे, लावले होते. फोर्कचंच वजन ९० किलोच्या वर, ते आधी वजा करा. मग ओंडका पिनेवर बसत नाही, पिनेच्या पुढे अर्धा मीटर बसतो, तिथे तरफेचा हिशेब लागतो आणि क्षमता आणखी उतरते. माझ्या अनुभवात या लोडरने २५० ते ३०० किलोचा ओंडका सुखाने उचलला जातो, त्यावर गेलं की हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व (जास्तीचा दाब सोडणारी झडप) किंचाळायला लागतो आणि तो आवाज आला की लिव्हर सोडायचा, जोर लावत बसायचं नाही.

पण खरं सांगायचं तर लोडरने उचललं म्हणून ट्रॅक्टरला झेपलं असं होत नाही. पुढे वजन आलं की पुढचा ॲक्सल टेकूसारखा होतो आणि मागची चाकं हलकी होतात. मी ३०० किलोचा एक ओंडका घेऊन थोड्या उतारावरून खाली येत होतो, मागे काहीही वजन नव्हतं, टूव्हील ड्राइव्हमध्ये होतो, आणि ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थांबेना. घसरतच चालला. कारण माझ्या ट्रॅक्टरला, आणि बऱ्याचशा छोट्या ट्रॅक्टरना, ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि मागची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. फोर्क खाली सोडले, ओंडका जमिनीला टेकला आणि ट्रॅक्टर थांबला. त्या दिवसापासून लोडरचं काम म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, सपाटीवर असलो तरी, कारण तेव्हा ब्रेकचा जोर ड्राइव्हमधून पुढच्या चाकांनाही मिळतो. आणि मागे वजन. २०० लिटरचा लोखंडी ड्रम अर्धा काँक्रीटने भरला, आत थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडतात त्या जोडणीला बसेल असा पाइप आणि वर एक कडी घातली. १०० लिटर काँक्रीट म्हणजे सुमारे २४० किलो. हे लावल्यावर ट्रॅक्टर वेगळाच वाटायला लागला, स्टिअरिंग हलकं झालं, मागची चाकं जमीन धरून राहिली. ज्याच्याकडे लोडर आहे आणि मागे वजन नाही त्याने बाकी काही घ्यायच्या आधी हे करावं.

फोर्क आल्यावर झोके बंद झाले हे मोठंच सुख. ओंडका दोन फोर्कवर आडवा बसतो, फोर्क जरा मागे वळवले की तो मागच्या जाळीला टेकून राहतो. पण इथे एक गोष्ट आहे जी मला कोणीच सांगितली नव्हती आणि ती सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे. छोट्या ट्रॅक्टरचे बरेच लोडर आपोआप लेव्हल धरत नाहीत. म्हणजे तुम्ही खाली असताना फोर्क मागे वळवून ठेवलेत आणि तसेच हात वर वर नेत गेलात तर फोर्क अजून अजून मागे कलत जातात. एक उंची अशी येते की गोल ओंडका जाळीवरून पलटी खाऊन लोडरच्या हातांवरून घरंगळत सरळ सीटकडे येऊ शकतो. माझ्याकडे तो आला नाही. मी दुसऱ्या ओंडक्यावर नवा ओंडका रचत होतो, छातीच्या उंचीला गेल्यावर तो जाळीच्या वरच्या काठावर थरथरताना दिसला आणि माझा हात आपोआप टिल्टच्या, म्हणजे फोर्क पुढेमागे कलवायच्या लिव्हरवर गेला. खाली उतरून दहा मिनिटं नुसता बसलो होतो. आता नियम असा की ओंडका गुडघ्याच्या वर जाणार नाही, आणि जिथे जायलाच लागतं तिथे उचलता उचलता टिल्ट सोडत राहायचं, नजर फोर्कच्या टोकावर. शिवाय ओंडका पट्ट्याने जाळीला बांधायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

आडव्या उताराबद्दल पण सांगतो. बऱ्याचशा ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनेवर डुलतो, खड्ड्यातून जाताना चारही चाकं टेकलेली राहावीत म्हणून. त्यामुळे ट्रॅक्टर चार पायांवर उभा आहे असं दिसतं पण तोल सांभाळायच्या हिशेबाने तो तिवईसारखा असतो, मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. वजन वर उचललेलं असेल आणि एका बाजूचं चाक दगडावर चढलं तर तो तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी आधी कलंडतो. म्हणून ओंडक्यांच्या ढिगापासून मिलपर्यंतचा रस्ता मी फावड्याने सपाट केला, दगड वेचले, दोन दिवस गेले त्यात, पण तेच दोन दिवस सगळ्यात उपयोगी पडले असं म्हणेन. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) उभा आणि सीटबेल्ट लावलेला, दोन्ही सोबतच, कारण रोल बार असून बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच बारखाली येऊ शकतो.

एवढं सगळं करूनही ५०० ते ८०० किलोचे बुंधे तसेच पडून होते. लोडरच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा काका आले होते. त्यांचं निम्मं आयुष्य लाकूड हलवण्यात गेलंय, तेही क्रेन वगैरे काही नसताना. मी त्यांना म्हटलं, काका मोठा लोडर भाड्याने आणावा लागेल बहुतेक. ते बुंध्याभोवती एक फेरी मारून आले, पायाने जरा ढकलून बघितला आणि म्हणाले, "अरे हा गोल आहे ना? मग उचलतोस कशाला, लोळव की." आणि मग त्यांनी दोर मागवला.

ती पद्धत अशी. मिलच्या बेडला दोन जाड वासे तिरके टेकवायचे, खालच्या टोकाला ओंडका वाशांना काटकोनात. दोराचं एक टोक मिलच्या पलीकडे एका पक्क्या खुंटाला बांधायचं, मिलला अजिबात नाही. दोर बेडवरून या बाजूला आणायचा, ओंडक्याच्या खालून घ्यायचा, बाहेरच्या बाजूने वर आणायचा आणि ओंडक्याच्या माथ्यावरून परत मिलच्या पलीकडे ट्रॅक्टरकडे न्यायचा. ट्रॅक्टर हळू ओढायला लागला की ओंडका वाशांवरून लोळत वर येतो. यात ओंडका स्वतःच फिरत्या कप्पीसारखं काम करतो, त्यामुळे जोर निम्मा लागतो. हिशेब करून बघा, ६०० किलोचा ओंडका, दोन मीटरचे वासे, चढ ३५ सेंटीमीटरचा. उतारावर लागणारा जोर साधारण १०५ किलो, आणि दोराच्या या युक्तीमुळे त्याचाही निम्मा, ५० ते ५५. सालीचे खाचखळगे आणि दोराचं घासणं धरून थोडा जास्त लागतो, पण ज्या लोडरला ३०० किलोत घाम फुटत होता त्याच ट्रॅक्टरने ६०० किलोचा बुंधा इंजिन जेमतेम गुरगुरत असताना वर घेतला. मी बघतच राहिलो. काका मात्र ओंडक्याच्या टोकाकडे बघत होते.

कारण ओंडका सरळ लोळत नाही. बुंध्याकडचं टोक जाड, शेंड्याकडचं बारीक, त्यामुळे एका फेऱ्यात जाड टोक जास्त अंतर जातं आणि ओंडका तिरका होत जातो. वरपर्यंत पोहोचेस्तोवर जाड टोक हातभर पुढे. यावर उपाय म्हणजे थोडं थोडं ओढायचं, थांबायचं, जाड टोकापुढे पाचर ठेवून ते अडवायचं आणि बारीक टोक पुढे येऊ द्यायचं, आणि दोर बरोबर मध्यावर न घेता जाड टोकाकडे थोडा सरकवून घ्यायचा म्हणजे वजनाच्या मध्यावर येतो. प्रत्येक थांब्याला मागून दोन्ही वाशांवर पाचर ठोकायची, दोर सुटला तरी ओंडका तिथेच राहिला पाहिजे. पाचर लावायला हात बाजूने न्यायचा. ओंडक्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे तो सुटला तर जिकडे येईल तिकडे, कोणीही उभं राहायचं नाही, एका सेकंदासाठी पण नाही. काकांनी भावाला त्या बाजूला जाताना पाहिलं आणि असे ओरडले की मी ट्रॅक्टर बंदच केला. ताणलेल्या दोराच्या रेषेतही कोणी नको. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा येतो, आम्ही नंतर कमी ताणणारा पॉलिएस्टरचा दोर घेतला.

ही पद्धत उत्तम पण एका ओंडक्याला पाऊण तास लागायचा, मिलच्या दोन्ही बाजू अडायच्या, वासे लावा, काढा, दोर गुंडाळा. आणि शेवटी ओंडका बेडवर येताना थोडा तरी आदळायचाच आणि मी पुन्हा दोरी ताणून रूळ तपासायचो. तेव्हा डोक्यात आलं की सगळी अडचण एकाच गोष्टीमुळे आहे, आपण ट्रॅक्टर आणि मिल यांना एकमेकांना भेटवतोय. ट्रॅक्टर म्हणजे जोर आहे पण नेम नाही, आणि मिलला नेमच लागतो, मग या दोघांच्या मध्ये काहीतरी पाहिजे.

म्हणून ओटा केला. मी त्याला ओटाच म्हणतो. मिलवरच पाडलेल्या २० बाय २० सेंटीमीटरच्या दोन तुळया, प्रत्येकी अडीच मीटर लांब, एकमेकींना समांतर, मिलच्या रुळांना काटकोनात, खाली काँक्रीटचे ठोकळे. मिलकडच्या टोकाला उंची ३८ सेंटीमीटर, म्हणजे बेडपेक्षा तीन जास्त, आणि बाहेरच्या टोकाला ४१. अडीच मीटरमध्ये तीन सेंटीमीटरचा उतार, डोळ्याला दिसतही नाही. सालीसकट खडबडीत ओंडका त्यावर आपोआप सरकत नाही पण साल निघालेला गुळगुळीत निलगिरीचा ओंडका सरकतो, तेव्हा पाचरी कायम, त्यात सूट नाही. ओटा मिलला चिकटवलेला नाही, मध्ये ३० सेंटीमीटरची फट ठेवलीये कारण करवतीचं डोकं तिथून जायला पाहिजे. त्या फटीवर चढवताना दोन जाड तुकडे पुलासारखे टाकायचे आणि फळ्या पाडायला लागायच्या आधी काढून घ्यायचे. ते काढलेले तुकडे मी मिलच्या हँडलपाशी ठेवतो, दोन्ही तिथे दिसले तरच इंजिन चालू करतो.

आता काम असं चालतं. सकाळी ट्रॅक्टरवर एकटाच मी, तीन ओंडके उचलून ओट्याच्या बाहेरच्या टोकाला एकेक करून ठेवायचे, ओंडका जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर वर असतो. ट्रॅक्टर ओट्याच्या बाहेरच राहतो, मिलपासून तीन मीटर लांब, त्यामुळे चूक झाली तरी धक्का ओट्याला बसतो आणि ओट्याला काही होत नाही. ठेवला की पाचरी, मग फोर्क जरासे खाली घेऊन सरळ मागे. जड बुंधे असतील तर तिरके वासे ओट्याला लावून काकांच्या पद्धतीने दोराने लोळवायचे, तेही आता ओट्यापर्यंतच. तीन ओंडके झाले की ट्रॅक्टर बाजूला, फोर्क जमिनीवर, चावी काढलेली. मगच माणसं ओट्यापाशी येतात. यंत्र हलतंय तोवर माणूस नाही आणि माणूस आहे तोवर यंत्र नाही, हे एकदा घरात सगळ्यांनी मान्य केल्यावर हातवारे, ओरडाओरडा सगळं संपलं.

मिलवर घ्यायचं काम हाताने, कांट हुकने. म्हणजे दीड मीटरचा जाड दांडा आणि त्याला खालून झुलणारी आकडी, आकडी सालीत रुतते आणि दांडा ओढला की ओंडका फिरतो. साध्या पहारेने पण होतं पण पहार निसटते. तुळयांवर ४०० किलोचा ओंडका एक माणूस आरामात लोळवतो, मला आधी विश्वास बसला नव्हता. दांडा दोन्ही हातांत, पाय ओंडक्यापासून लांब, आणि ओंडका दांड्यासकट पुढे निघाला तर दांडा सोडून द्यायचा, धरून ठेवायचा नाही. पुलावर यायच्या आधी पलीकडचे उभे खुंट वर केलेत का ते हात लावून बघायचं. खुंटांच्या पुढे मी एक फाडलेल्या टायरचा पट्टा टाकतो आणि ओंडक्याला मागून दोराचा एक फेरा, भाऊ तो दोर ओट्याच्या बाहेर एका खुंटाला गुंडाळून हळूहळू सोडतो. ओंडका बेडवर उतरतो तेव्हा धप्प असा आवाज पण येत नाही. ओटा झाल्यापासून गेले आठ महिने मी रुळांना दोरी लावून तपासतो ती सवय म्हणून, फरक मिलिमीटरच्या आत असतो.

ओट्याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. ओंडका तिथे पडलेला असताना त्याच्याकडे बघायला वेळ मिळतो. आधी उचलला की घाईने बेडवर, आणि मग लक्षात यायचं की बाक चुकीच्या दिशेला आहे. आता ओट्यावर एक फेरी फिरवून बघतो, बाक कुठे, गाठी कुठे, जुना खिळा किंवा तार आत गेल्याचा काळा डाग कुठे. कोणतं टोक कुठे जाणार तेही आधी ठरतं, बारीक टोकाखाली पाचर देऊन गाभा बेडला समांतर आणायचा असतो. निलगिरीत तर हे जास्तच बघावं लागतं, तिच्या लाकडात वाढतानाचा ताण भरलेला असतो, एकाच बाजूने कापत गेलात तर उरलेला भाग धनुष्यासारखा उठतो, म्हणून बाजू बदलत कापायचं आणि त्यासाठी ओंडका सारखा फिरवावा लागतो.

आणि साल. सुरुवातीला वजन जास्त म्हणून मी काही ओंडके साखळीने फरफटत आणायचो. माती आणि वाळू सालीत अशी ठासून बसते की नवीन ब्लेड दोन ओंडक्यांत बोथट. आता फरफटायची वेळ आलीच तर पुढचं टोक उचलून घेतो, ओट्यावर तारेच्या ब्रशने साफ करतो आणि जिथून ब्लेड आत शिरणार त्या पट्ट्यातली साल कुऱ्हाडीने काढून टाकतो. फरफटताना साखळी ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या दांड्यालाच, लावायची हेही इथेच सांगतो, वर कुठेतरी, सीटखाली किंवा थ्री पॉइंटच्या वरच्या पिनेला लावली आणि ओंडका मुळात किंवा दगडाला अडकला तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे उलटू शकतो, त्याला सावरायला वेळच मिळत नाही.

मागच्या आठवड्यात सगळे निलगिरीचे ओंडके संपले. ५० च्या वरचे अकरा होते, त्यातले सात दोराने घेतले, चार लोडरच्या आवाक्यात यावेत म्हणून आधी आखूड कापले, कारण त्यातून मला दीड मीटरच्याच फळ्या पाहिजे होत्या आणि अख्खा ओंडका चढवायचा हट्ट कशाला. काका परवा येऊन ओटा बघून गेले. तुळईवर हात फिरवला, पाचरी हलवून बघितल्या आणि म्हणाले, "बाहेरच्या टोकाला अजून एक ठोकळा घाल, मधे पोकळ आहे, जड बुंधा आपटला तर वाकेल." तो रविवारी घालतोय.

शिरीषाचा सगळ्यात मोठा बुंधा मात्र अजून तिथेच आहे जिथे पडला होता. ८० सेंटीमीटर जाडी, तीन मीटर लांबी, म्हणजे दीड टनाच्या आसपास, आणि मिलमध्ये तसाही मावणार नाही. त्याला जागेवरच चेनसॉने उभा चिरून दोन भाग करायचे आणि मग एकेक अर्धा भाग आणायचा असं ठरवलंय, पण अर्धा भाग लोळत नाही, एका बाजूने सपाट असतो, त्याला ओट्यावर घ्यायला वाशांवर रोलर लागतील. जाड पाइपचे तुकडे कापून ठेवलेत. तोपर्यंत बुंध्याला तडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही तोंडांना जाडसर रंग फासलाय आणि खाली दोन ठोकळे घालून जमिनीपासून वर ठेवलाय.